केस राखण्यासाठी फिनास्टेराइड: घ्यावे, टाळावे, की आधी थोडे थांबावे?

पाणवठा

पुरुषांच्या आनुवंशिक टकलावर फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यावी की नाही, यावर बोलताना बहुधा दोनच सूर लागतात. एकाच्या मते ती पुरुषत्वावर घाला घालणारी गोळी असते, तर दुसऱ्याच्या मते तिच्याविषयी दोन वाक्ये बोलायचेही कारण नसते. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज नको. हे औषध खरोखर काम करते आणि बहुतेकांना त्रास देत नाही. पण ते वर्षानुवर्षे घ्यायचे असते, आणि इतक्या लांब पल्ल्याच्या औषधाआधी जी चौकशी व्हायला हवी ती देणारा सहसा करत नाही आणि घेणाराही करत नाही.

थोडे कार्यकारण. शरीरातील टेस्टोस्टेरॉनचे ५-अल्फा रिडक्टेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये रूपांतर होते. ज्यांच्या कपाळाकडच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळे जन्मतःच डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्या केसांचा वाढीचा काळ प्रत्येक फेऱ्यात आखूड होत जातो आणि जाड केसाच्या जागी हळूहळू लव उरते. कानांच्या वरची आणि मानेकडची झालर मात्र टिकते, कारण तिथल्या मुळांना ही संवेदनशीलता नसते. प्रत्यारोपणासाठी केस तिथूनच काढतात ते याच कारणाने.

हा संबंध दोन टप्प्यांत उलगडला. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले की वयात येण्याआधी वृषणे गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस विरळ होऊ लागतात. पुढे १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील लास सालिनास या गावातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे काही मुलगे हे विकर जवळजवळ नसतानाच जन्मत, मुली म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी बदल होत. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही, दाढी विरळ येई आणि कपाळ मागे सरकत नसे. मर्क कंपनीने या निरीक्षणाचा धागा पकडला. १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी आली आणि १९९७ च्या अखेरीस केसांसाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली.

फायद्याचे आकडे नीट वाचायला हवेत. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांची केससंख्या टिकली होती किंवा वाढली होती. औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. पाच वर्षांनी टाळूवरच्या १ इंच व्यासाच्या वर्तुळात दोन्ही गटांमध्ये सरासरी २७७ केसांचा फरक पडला. या २७७ पैकी गोळीच्या गटातील खरी वाढ अवघी ३८ केसांची होती. उरलेला फरक पडला तो दुसऱ्या गटाने २३९ केस गमावल्यामुळे. जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांवरून ज्यांनी अपेक्षा बांधल्या आहेत, त्यांनी हा हिशेब समोर ठेवावा. आहे ते राखणे हेच या औषधाचे मुख्य काम. डोक्याच्या मागच्या बाजूला, टाळूवर त्याचा उपयोग चांगला दिसतो, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी, आणि गोळी थांबवली की साधारण वर्षभरात कमावलेले निघून जाते.

अपायांचे त्याच चाचण्यांतील पहिल्या वर्षाचे आकडे असे की, कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे किंवा वीर्यस्खलनाची तक्रार यांपैकी काहीतरी गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांनी सांगितले आणि दुसऱ्या गटातील २.१ टक्क्यांनी. एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर हा धागा काढायचे कारण नव्हते. ज्यांनी हे औषध घेतले, सोडले, विकले किंवा लिहून दिले, त्यांनी आपापल्या बाजूने लिहावे.

चौकस_सांगलीकर

माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या आतून काय दिसते तेवढे सांगतो. फिनास्टेराइड हे शेड्यूल एचमधले औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. पट्टीवर लाल उभी रेघ असते ती त्यासाठीच. प्रत्यक्षात विशी-बाविशीतली मुले मोबाइलवर मित्राच्या पट्टीचा फोटो दाखवून ‘ही केसांची गोळी द्या’ म्हणतात. चिठ्ठी मागितली तर पुढच्या दुकानात जातात, किंवा ऑनलाइन मागवतात.

गोळीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती बाटलीची. केस वाढावेत म्हणून टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाचे द्रावण म्हणून जे लोक नेतात, त्यातल्या कित्येक बाटल्यांच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असते. त्या ‘एफ’चा अर्थ आत फिनास्टेराइडही आहे असा होतो, आणि बारीक अक्षरांत ०.१ टक्का असे लिहिलेले असते. घेणाऱ्याला विचारले तर तो ठामपणे सांगतो की, ‘मी संप्रेरकांचे काही घेत नाही, फक्त वरून लावतो.’ वरून लावलेले औषधही काही प्रमाणात रक्तात उतरते. युरोपात मान्य झालेल्या फिनास्टेराइडच्या फवाऱ्याच्या चाचणीत रक्तातील डीएचटी सुमारे ३५ टक्क्यांनी घटले होते, तर गोळीने सुमारे ५६ टक्क्यांनी. कमी खरे, पण शून्य नव्हे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये, तिथे ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आणि औषधालयात मिसळून तयार होणाऱ्या अशा द्रावणांविषयी सूचना काढली. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या. लावलेले द्रावण घरातल्या दुसऱ्या कोणाच्या त्वचेला लागू नये, असेही त्यांनी बजावले आहे. रात्री डोक्याला लावायचे, तीच उशी बायकोमुलांनी वापरायची, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी आणखी एक: मिनॉक्सिडिल मांजरांना थोड्या प्रमाणातही जिवावर बेतणारे असते.

रेवातीर

मी हे औषध घेतले आहे आणि सोडले आहे. केसांचा फायदा मला झाला. टाळू दिसायची ती दिसेनाशी झाली, हे आरसा आणि फोटो दोन्ही सांगत होते. शारीरिक तक्रार काहीही नव्हती. पण हळूहळू कशाचीच गोडी वाटेनाशी झाली. दुःख असे नव्हते. क्रिकेटचा सामना, मित्रांचा फोन, पगारवाढ, सगळे एकाच पातळीवर येऊन बसले. ते माझ्याआधी पत्नीच्या लक्षात आले. तिने गोळीचे माहितीपत्रक उघडून वाचले आणि मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो ही ओळ मला दाखवली. डॉक्टरांशी बोलून गोळी बंद केली आणि काही आठवड्यांत फरक पडला.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. त्याच काळात माझी नोकरी डळमळीत होती, आणि गोळी बंद केली त्याच सुमारास नवी नोकरीही लागली. त्यामुळे कशाने काय झाले हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पुन्हा गोळी सुरू करून पडताळा घ्यायची मात्र माझी तयारी नाही. माझी तक्रार औषधाविषयी नाहीच. ते लिहून देताना पूर्वी कधी नैराश्य आले होते का, एवढा एक प्रश्न मला कोणी विचारला नाही, आणि त्याचे उत्तर ‘हो’ असे होते.

वाळूघड्याळ

रेवातीर यांच्या अनुभवाचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. २००७ मध्ये इटलीत प्रोस्टेटच्या १२० रुग्णांना ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड देण्यात आले. निम्म्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली होती, निम्म्यांना नाही. वर्षभरानंतर ज्यांना कल्पना दिली होती त्यांच्यापैकी ४३.६ टक्क्यांनी लैंगिक तक्रार सांगितली. ज्यांना दिली नव्हती त्यांच्यापैकी १५.३ टक्क्यांनी. गोळी तीच, मात्रा तीच. म्हणजे काय होईल याची धास्ती घेतली की ते होण्याची, किंवा निदान ते जाणवण्याची शक्यता किती वाढते, ते पाहा. रात्री दोन वाजेपर्यंत इंटरनेटवर भयकथा वाचायच्या आणि सकाळी पहिली गोळी घेऊन स्वतःची नाडी तपासत बसायचे, यातून दुसरे काय निष्पन्न होणार?

औषध सोडल्यावरही वर्षानुवर्षे राहणाऱ्या ज्या लक्षणांना फिनास्टेराइडोत्तर लक्षणसमूह म्हटले जाते, त्याविषयीचे बरेचसे अभ्यास स्वतःहून पुढे आलेल्या, आधीच त्रस्त असलेल्या पुरुषांवर झालेले आहेत. त्यावरून हजारात किती जणांना हे होते ते काढता येत नाही. लाखो पुरुषांनी इतकी वर्षे घेतलेल्या औषधाविषयी अशा पुराव्यावर घबराट पसरवणे मला गैर वाटते.

पाणवठा

वाळूघड्याळ, तो इटालियन अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो, पण त्यातून तुम्ही जरा जास्तच काढत आहात. धास्तीमुळे तक्रारी वाढतात हे त्याने दाखवले. सर्व तक्रारी धास्तीतून येतात हे त्याने दाखवलेले नाही. काहीच न सांगितलेल्या गटातही १५ टक्क्यांनी तक्रार केली होती.

शिवाय नियामक संस्था भयकथा वाचून पत्रके बदलत नाहीत. अमेरिकेत २०१२ मध्ये औषध थांबवल्यानंतरही कामेच्छेची तक्रार राहू शकते, अशी भर माहितीपत्रकात पडली आणि २०२२ मध्ये आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख आला. ब्रिटनमध्ये २०२४ पासून पाकिटात रुग्णासाठी सावधगिरीचे कार्ड ठेवण्याचे ठरले. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने १ आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांसाठी आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. त्याच वेळी समितीने संदर्भही दिला आहे: त्यांच्या नोंदींत अशा विचारांची संबंधित अशी ३२५ प्रकरणे होती, त्यांपैकी ३१३ फिनास्टेराइडची, आणि फिनास्टेराइडचा एकूण वापर सुमारे २७ कोटी रुग्णवर्षांचा होता (एकाने वर्षभर औषध घेतले की एक रुग्णवर्ष). फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे हा निष्कर्ष त्यांनी बदललेला नाही.

या ३१३ ला २७ कोटींनी भागून ‘नगण्य’ म्हणायचा मोह होतो. पण स्वेच्छेने कळवलेल्या तक्रारींतून प्रमाण काढता येत नाही. कित्येक जण कळवतच नाहीत, आणि बातम्या आल्या की कळवण्याची लाट येते. मूळ चाचण्यांचीही मर्यादा आहे. त्यांत निरोगी, तपासून घेतलेले पुरुष होते आणि मनःस्थिती मोजणे हा त्यांचा उद्देश नव्हता. मेंदूतही हेच विकर काम करते आणि प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन हे शांतवणारे द्रव्य बनण्यात त्याचा वाटा असतो, त्यामुळे मनावर परिणाम होणे जीवशास्त्राच्या दृष्टीने अशक्य कोटीतले नाही. नगण्य नाही आणि सर्रासही नाही, पण जेव्हा घडते तेव्हा गंभीर असते, असा हा धोका मला वाटतो. म्हणून ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, त्याने मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे औषध सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गोळी चालू असताना मन खचू लागले तर ती थांबवून डॉक्टरांना गाठावे, घरात कोणाला तरी सांगावे, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

सदाफुली

आतापर्यंतची सगळी चर्चा पुरुषांच्या बाजूने झाली, म्हणून लिहिते. आमच्या घरी दिराने ही गोळी स्थळे पाहायला सुरुवात झाली तेव्हा घेतली. बायोडेट्यातील फोटो आणि प्रत्यक्षातला मुलगा यांत फरक दिसता कामा नये, एवढाच उद्देश होता, आणि लग्न जमले की गोळी बंद करायची असे ठरले होते. आपल्याकडे कित्येक मुले नेमके हेच करतात, आणि या औषधाचा स्वभाव पाहता इतका उलटा बेत दुसरा नसेल. लग्न होते, गोळी बंद होते आणि पहिल्या वर्षातच टिकवलेले केस गळू लागतात. गोळी चालूच ठेवली तर ज्या काळात नवराबायकोची ओळख व्हायची, मुलाचा विचार व्हायचा, त्याच काळात कामेच्छा कमी झाली तर ती गोळीमुळे की मनामुळे, हे दोघांनाही कळत नाही. आणि बायकोला बहुधा गोळीची माहितीच नसते. टक्कल लपवले याचा तिला राग येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. औषध लपवले याचा येईल, आणि तो रास्त असेल.

गर्भवती स्त्रीने फुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला हात लावू नये, कारण मुलाचा गर्भ असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत दोष राहू शकतो. अखंड गोळीवर आवरण असते, तिचा प्रश्न येत नाही. पण ५ मिलिग्रॅमची स्वस्त गोळी आणून स्वयंपाकघरातल्या सुरीने तिचे चार तुकडे करणारे महाभाग आहेत, आणि तीच सुरी पुढे ओट्यावर फिरते.

बायकांनी हे औषध घ्यावे का, हेही लोक विचारतात. रजोनिवृत्तीनंतरच्या १३७ स्त्रियांवर १ मिलिग्रॅमची चाचणी झाली, तिच्यात उपयोग दिसला नव्हता. मूल होण्याच्या वयात तर त्याच्या वाटेला जाऊ नये. आमच्यात भांग रुंद होऊ लागला की आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), थायरॉइड आणि पाळीचा इतिहास पाहावा. निम्मी उत्तरे तिथेच मिळतात.

आबा_वाईकर

माझे वय या चर्चेत बसत नाही, पण एक मुद्दा राहून जातो आहे. फिनास्टेराइडमुळे रक्तातील पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय घेण्यासाठी जी चाचणी करतात तिचा आकडा, साधारण निम्मा होतो. केसांसाठी तिशीत सुरू केलेली गोळी पन्नाशीनंतरही चालू असेल आणि ती डॉक्टरांना सांगितली नसेल, तर ३ आलेला आकडा प्रत्यक्षात ६ च्या घरातला असू शकतो. प्रयोगशाळेत रक्त घेणारा मुलगा ‘उपाशीपोटी आहात ना?’ एवढेच विचारतो. केसांची गोळी हे औषध असते हेच अनेकांच्या डोक्यात नसते, त्यामुळे ‘काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नालाही ते नाही म्हणतात.

अमेरिकेत १८,८८२ पुरुषांवर सात वर्षे झालेल्या चाचणीत ५ मिलिग्रॅमच्या मात्रेने प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला, पण जास्त आक्रमक प्रकाराचा कर्करोग आढळलेल्यांचे त्या-त्या गटातील एकूण पुरुषांमधले प्रमाण गोळीच्या गटात किंचित अधिक होते, ६.४ विरुद्ध ५.१ टक्के. यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाले. केसांच्या मात्रेला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, पण पीएसएची गोष्ट १ मिलिग्रॅमलाही लागू आहे.

शंकासुर

तीन शंका. ड्युटास्टेराइड हे याच प्रकारचे औषध जास्त जोरकस आहे म्हणतात, मग थेट तेच का घेऊ नये? गोळी रोजच्याऐवजी कमी मात्रेत घेतली तर चालते का? आणि आमच्या आईचे म्हणणे असे की माका, जास्वंद आणि वडाच्या पारंब्या घालून उकळलेले तेल पुरेसे आहे, त्याचे काय?

पाणवठा

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. तेलाने केस मऊ राहतात, मालिशने बरे वाटते आणि आईच्या हातचे असेल तर दुप्पट बरे वाटते. डीएचटीमुळे आखूड होत जाणारे केसाचे मूळ तेलाने मोठे झाल्याचे कोणी दाखवलेले नाही. आनंदाने लावावे, त्यावर विसंबून दोन-चार वर्षे घालवू नयेत, कारण मूळ पुरते बारीक झाल्यावर गोळीही फारसे काही करू शकत नाही.

कमी मात्रेची शंका रास्त आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. १९९९ च्या एका अभ्यासात टाळूच्या त्वचेतील डीएचटी ०.२ मिलिग्रॅमने सुमारे ५७ टक्के, १ मिलिग्रॅमने ६४ टक्के आणि ५ मिलिग्रॅमने ६९ टक्के घटले. म्हणजे मात्रा पंचवीस पट केली तरी परिणामात बारा टक्क्यांचीच भर पडते. यावरून दोन गोष्टी निघतात. ‘१ मिलिग्रॅमने भागत नाही, २ घेतो’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही. आणि मात्रा थोडी कमी केली म्हणून फायदा कोसळत नाही. पण त्याच न्यायाने, कमी मात्रा म्हणजे संप्रेरकावर परिणामच नाही असेही समजू नये. रक्तातील डीएचटी तर ०.२ मिलिग्रॅमनेही जवळजवळ तितकेच उतरले होते.

ड्युटास्टेराइड या विकराचे दोन्ही प्रकार अडवते आणि रक्तातील डीएचटी ९० टक्क्यांहून अधिक घटवते. केसांसाठी त्याला दक्षिण कोरियात २००९ मध्ये आणि जपानमध्ये २०१५ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत ते अजून प्रोस्टेटपुरतेच मान्य आहे. मला खरा फरक वाटतो तो शरीरातील मुक्कामाचा. फिनास्टेराइडचे रक्तातील प्रमाण ५ ते ६ तासांत निम्मे होते, ड्युटास्टेराइडचे निम्मे व्हायला सुमारे ५ आठवडे लागतात. त्रास झाला तर गोळी आज थांबवता येते, औषध काही महिने अंगातच राहते. रक्तदानासाठी फिनास्टेराइडनंतर साधारण १ महिना आणि ड्युटास्टेराइडनंतर ६ महिने थांबायला सांगतात, कारण ते रक्त गर्भवती स्त्रीला चढवले जाऊ शकते. जे पहिल्यांदाच या वाटेने जात आहेत, त्यांनी ड्युटास्टेराइडपासून सुरुवात करावी असे मला मुळीच वाटत नाही.

जाता जाता खेळाडूंसाठी: उत्तेजकांच्या तपासणीत फिनास्टेराइड २००५ ते २००८ या काळात बंदीच्या यादीत होते, कारण ते इतर द्रव्ये झाकू शकते असे मानले जाई. २००९ पासून ते यादीतून निघाले. अमेरिकेचा झॅक लुंड हा स्केलेटनपटू (बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा खेळाडू) केसांच्या या गोळीपायी २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकला मुकला होता.

खडीसाखर

त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. वरची चर्चा बहुतांशी योग्य दिशेने आहे, पण तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे: गळणारे केस डीएचटीमुळेच गळत आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत तसे नसते. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि पुढे बहुधा आपोआप येतात. त्यांना फिनास्टेराइड देणे म्हणजे जो आजार नाही त्याचे औषध देणे. चाई पडते तेव्हा रुपयाएवढा गोल चट्टा एकदम मोकळा होतो. तो प्रतिकारशक्तीचा विकार, त्याचा या गोळीशी संबंध नाही. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडू लागले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तिथे गेले होते, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. आनुवंशिक टक्कल असे आठवड्यात पडत नाही. ते वर्षे घेते, आणि ठरलेल्या आकाराने पुढे सरकते. केस वाढवण्याच्या दुकानवजा केंद्रांमध्ये कॅमेऱ्याने टाळू मोठी करून दाखवतात आणि वर्षभराचे पॅकेज गळ्यात घालतात, तिथे हा फरक सांगणारा डॉक्टर आहे का, ते आधी पाहावे.

निदान पक्के असेल तर मी गोळी लिहून देते, आणि निःसंकोचपणे देते. पण त्याआधी रुग्णाला त्याची आजची स्थिती कागदावर लिहायला लावते: कामेच्छा, सकाळची ताठरता, झोप, मन. पुढे तक्रार आली तर ती नवी आहे की जुनीच, हे त्याशिवाय ठरत नाही, आणि वाळूघड्याळ म्हणतात त्या धास्तीवरही हाच उतारा मला सर्वांत उपयोगी पडला आहे. फोटो एकाच खिडकीच्या उजेडात, कोरड्या केसांचे आणि एकाच कोनातून काढायचे. सुरुवातीच्या काही महिन्यांत केस जास्त गळल्यासारखे वाटू शकतात, त्याने घाबरून सोडायचे नाही. सहा महिन्यांआधी मत बनवायचे नाही आणि वर्षभरात टाळूवरही काही फरक दिसला नाही तर ओढत न्यायचे नाही. ज्याला ही जोखीम नकोच आहे, त्याच्यासाठी संप्रेरकांना हात न लावणारे साधे मिनॉक्सिडिल आहे, पण बाटलीवरचा तो ‘एफ’ पाहून घ्यावा.

शंकासुर

धन्यवाद. आणखी एक विचारतो, कारण हे माझ्यापुरते तातडीचे आहे. माझे लग्न ठरले आहे आणि गोळी चालू आहे, त्रास काही नाही. थांबवावी का?

खडीसाखर

त्रास नसेल तर केवळ लग्नासाठी थांबवण्याचे कारण नाही. पण होणाऱ्या पत्नीला आजच सांगावे. मुलाचा विचार सुरू कराल तेव्हा एकदा वीर्यतपासणी करून घ्यावी. काही पुरुषांत या औषधाने शुक्राणूंची संख्या घटते, विशेषतः ती मुळातच कमी असेल तर. तसे आढळले तर गोळी थांबवून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. बहुतेकांत ती सुधारते. संख्या ठीक असेल तर गोळी चालू असतानाही गर्भधारणेला अडचण नसते, कारण वीर्यातून पत्नीपर्यंत जाणारे औषध अत्यल्प असते. गोळ्यांचे तुकडे मात्र करू नका, आणि ती पट्टी तिच्या औषधांच्या डब्यात ठेवू नका.